आईच्या घरचे कॅमेरे आणि माझे सहा रविवार

घरचे कॅमेरे बाहेरून फोनवर बघता यावेत म्हणून धडपडत असाल आणि तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (नेटवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) म्हणून जो नंबर दिसतो तो १०० ने सुरू होत असेल आणि त्याच्या पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून आत वाट करून द्यायचे) व्हिडिओ बघणं आत्ताच्या आत्ता थांबवा. मला हे तीन रविवार वाया घालवल्यावर कळलं म्हणून आधीच सांगून टाकतेय, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

घर आईअण्णांचं. कोपरखैरण्याला, सिडकोचं बैठं घर, आता वर एक मजला चढवलेला. अण्णा माथाडी, मशीद बंदरला धान्याच्या बाजारात होते, बाजार वाशीला आला तसं आमचं बिऱ्हाडही खाडीच्या अलीकडे आलं. मी लग्न झाल्यापासून ठाण्यात वर्तकनगरला. तसं लांब काहीच नाही, ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी मिळाली की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, पण रोज उठून कोण जातंय. आणि दोघं वर्षातनं दोनतीनदा पाटणकडे गावाला जातात, जत्रेला, मे महिन्यात, कधी कोणाच्या बाराव्याला, तेव्हा घर बंद. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत एकांची पाण्याची मोटर रात्रीत गेली, पाइप कापून, आणि मग अण्णांनीच फोन केला की कॅमेरे लावून टाकू.

लावले. चार चॅनलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, १ टीबीची हार्डडिस्क. एक गेटवर, एक मागच्या गल्लीत, एक जिन्याला, एक हॉलमध्ये. हॉलमधल्याची भानगड शेवटी सांगते. एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तर चौघांचे मिळून आठ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट (एमबी) होतात म्हणजे दिवसाला ८६ जीबी, सो साधारण अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं आणि मग जुन्यावर नवीन चढत जातं. हा हिशोब मी दुकानदाराला विचारला तर तो म्हणाला एक महिना राहेगा. असो.

लावायला आलेला पोरगा कामाला चांगला होता, वायरिंग एकदम नीटनेटकं केलं, पण पूर्ण वेळ तो माझ्या नवऱ्याशी बोलत होता. नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. राउटर कुठे आहे विचारलं मी सांगितलं, वायफायचा पासवर्ड मी दिला, आणि शेवटी "मॅडम, सर को समझा देता हूं ॲप कैसे चलाने का." सरांनी पेपरातून मान वर करून "तिला सांगा, मला त्यातलं काही कळत नाही" म्हटलं तेव्हा कुठे गाडी माझ्याकडे वळली. ॲप टाकलं, लॉगिन त्यानेच करून दिलं, चार चौकोन दिसले, गेटवर मांजर बसलेली दिसली, सगळे खूश.

पहिल्याच ट्रिपला बोंब. आईअण्णा जत्रेला गेले, मी रात्री ॲप उघडते तर डिव्हाइस ऑफलाइन. सकाळी पण ऑफलाइन. ज्याच्यासाठी कॅमेरे लावले नेमकं तेव्हाच बंद! नेटवाल्याला फोन केला, त्याने त्याच्या बाजूने चेक केलं, म्हणाला तुमचा डबाच बंद दाखवतोय. तिसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर चावी घेऊन गेले, दार उघडलं, दिवा लागेना. तर अण्णांनी जाताना मेन स्विच बंद केलेला. चाळीस वर्षांची सवय हो, गावाला जाताना गॅस बंद, नळ बंद, मेन बंद. फोनवर विचारलं तर म्हणाले "मग? शॉर्टसर्किट झालं म्हंजी?" त्यांचंही बरोबरच आहे. मग इलेक्ट्रिशियनकडून डीव्हीआर, कॅमेऱ्याचा सप्लाय आणि राउटर एवढ्याचंच वेगळं एमसीबी करून घेतलं आणि त्यावर मार्करने लिहिलं, हे बंद करू नये. राउटरच्या सेटिंगची पोस्ट आहे पण अर्ध्या लोकांचा प्रॉब्लेम इथेच सुटेल असं माझं मत आहे.

मग मी फोन बदलला आणि खरी गंमत सुरू झाली. नव्या फोनमध्ये ॲप टाकलं, माझ्या ईमेलने नवीन अकाउंट काढलं, डीव्हीआरच्या खालचा क्यूआर स्कॅन केला तर मेसेज आला की हे डिव्हाइस दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे. दुसऱ्या म्हणजे कोणाच्या? त्या पोराला फोन लावला. तो अगदी सहज म्हणाला, "सब कस्टमर का मेरे में ही है मॅडम, सर्व्हिस को ईझी पडता है." म्हणजे मालक तो, आणि त्याने जुन्या फोनमध्ये जे लॉगिन करून दिलं होतं ते नुसतं शेअर केलेलं. म्हणजे गेले सात महिने आमचा हॉल, आई दुपारी पंख्याखाली चटई टाकून झोपते तो हॉल, त्याच्या फोनमध्ये पण होता. त्याने काही बघितलं असेल असं मला वाटत नाही, त्याच्याकडे शंभर घरं असणार, पण पोटात गोळा आला तो आलाच. त्याच्याकडून डीव्हीआर तिथल्या तिथे अनबाइंड करून (त्याच्या अकाउंटमधून सोडवून) घेतला, डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड बदलला (जो कंपनीच्या नावापुढे १२३ असा होता, हसू नका, तुमचाही तसाच असेल) आणि ठरवलं की आता हे आपण शिकायचं.

आता हे क्यूआरवालं प्रकरण कसं चालतं ते थोडक्यात. डीव्हीआर स्वतःहून इंटरनेटवर कंपनीच्या सर्व्हरला जाऊन चिकटून बसतो, आपला फोनही त्याच सर्व्हरकडे जातो, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर फोन आणि डीव्हीआर थेट बोलतात, नाही जमलं तर सगळा व्हिडिओ कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो. म्हणून राउटरमध्ये काही करावं लागत नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच लोकांना एवढं पुरतं, फक्त अकाउंट स्वतःच्या नावावर हवं आणि पासवर्ड धड हवा. माझ्याकडे ते थेट बोलणं जमत नव्हतं, लाइव्ह अडकत अडकत यायचं आणि रेकॉर्डिंग मागे नेऊन बघायचं म्हटलं तर गोल गोल फिरत बसायचं. आणि त्या सात महिन्यांनंतर मला कोणाच्याच सर्व्हरवरून आमचा हॉल फिरवायचा नव्हता.

पहिला रविवार. आमच्याकडे दोन डबे आहेत, एक नेटवाल्याचा ज्यात फायबरची पिवळी वायर जाते आणि एक माझा राउटर, कारण नेटवाल्याच्या डब्याचं वायफाय वरच्या खोलीत पोचत नाही. डीव्हीआर माझ्या राउटरला केबलने जोडलेला. केबलनेच जोडा, वायफायचा हट्ट करू नका. व्हिडिओत सांगितलं तसं सगळं केलं. आधी डीव्हीआरचा मॅक ॲड्रेस (त्या मशीनचा स्वतःचा ओळख नंबर) बघून राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये टाकला म्हणजे लाइट जाऊन आली तरी त्याला तोच नंबर मिळणार, आमचा १९२.१६८.०.२०. हे मात्र काहीही करणार असाल तरी कराच, नाहीतर आज नियम २० नंबरसाठी लिहाल आणि उद्या २० नंबरवर टीव्ही बसलेला असेल. मग पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या नंबर घातलेल्या खिडक्या. हिकव्हिजन या कॅमेरा कंपनीचा ॲपसाठी सहसा ८०००, दाहुआ या दुसरीचा ३७७७७, ब्राउझरसाठी ८०, आरटीएसपीचा (थेट व्हिडिओचा) ५५४, तुमच्या डीव्हीआरचा कोणता ते त्याच्या नेटवर्क मेनूत दिसतंच. बाहेरून अमुक पोर्टवर जे येईल ते २० नंबरला दे, असा नियम. मग डकडीएनएसवर फुकट नाव घेतलं कारण नेटवाल्याचा आयपी बदलत राहतो, नाव तेच राहतं. सेव्ह, रीस्टार्ट.

नाही चाललं.

दुसरा रविवार यातच गेला की मी घरात बसून, घरच्याच वायफायवरून ते बाहेरचं नाव टाकून बघत होते. काही राउटर आतून बाहेर जाऊन परत आत यायचा हा फेरा करून देतात, काही देत नाहीत, त्यामुळे या टेस्टवरून काहीच सिद्ध होत नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघायचं असतं. हे समजल्यावर मोबाइल डेटावरून बघितलं, तरी नाही. पोर्ट चेकर म्हणतो क्लोज्ड. नियम पुसून परत लिहिला, फायरवॉल बंद करून बघितली, डीव्हीआर तीनदा रीस्टार्ट केला, आईने विचारलं जेवणार आहेस का तशीच बसणार आहेस.

सोमवारी आमच्या पतसंस्थेत संगणकाचं बघायला येतो त्या मुलाला विचारलं. त्याने एकच प्रश्न विचारला, राउटरच्या पानावर वॅन आयपी काय आहे आणि गुगलवर माझा आयपी काय असं विचारलं तर काय येतं, दोन्ही सेम आहेत का? हा एक प्रश्न कुठल्याही व्हिडिओत सुरुवातीला का सांगत नाहीत देव जाणे.

तिसऱ्या रविवारी बघितलं. माझ्या राउटरचा वॅन आयपी १९२.१६८.१.५. म्हणजे माझा राउटर नेटवाल्याच्या डब्याच्या पोटात. बरं. मग नेटवाल्याच्या डब्यात शिरले (त्याचा पासवर्ड स्टिकरवर होता तो चालेना, नेटवाल्याला तीन फोन केल्यावर व्हॉट्सॲपवर आला) आणि तिथे वॅन आयपी १०० ने सुरू होणारा. आणि गुगल म्हणतंय १०३ ने सुरू होणारा भलताच काहीतरी. म्हणजे एकात एक तीन दारं, माझं, डब्याचं, आणि तिसरं नेटवाल्याच्या ऑफिसातलं, ज्याला माझा हातच पोचत नाही. मी पहिल्या दाराला भोक पाडत बसले होते.

हे तिसरं दार म्हणजे सीजीनॅट. चाळिशीच्या पुढच्या लोकांना मी असं सांगते. पूर्वी सगळ्यांकडे फोन नव्हते तेव्हा लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्यांचा नंबर छापायचे आणि पुढे पीपी लिहायचे. फोन वाण्याकडे यायचा आणि वाण्याचा पोरगा गॅलरीतून हाक मारायचा. सीजीनॅट म्हणजे शेकडो घरांचा मिळून एक पीपी नंबर, फक्त इथला वाणी हाक मारत नाही. तुम्ही त्याच्या फोनवरून बाहेर लावलात तर बोलणं व्यवस्थित होतं, समोरच्याचं उत्तरही तुमच्यापर्यंत येतं, म्हणून यूट्यूब बिनबोभाट चालतं. पण बाहेरून कोणी आधी लावला तर तो कोणासाठी आहे हे वाण्याला कळायला मार्ग नाही, तो ठेवून देतो.

ही वेळ आली कारण नंबरच संपले. आयपीव्ही४ चे (आयपी नंबरांच्या जुन्या पद्धतीचे) सगळे मिळून ४२९ कोटी पत्ते, जगातली माणसं त्याहून जास्त आणि एकेका माणसाकडे तीनतीन डबडी. जगाचा साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून झाला आणि आपल्या आशियाकडचा त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. मग २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा खास या नेटवाल्यांच्या पीपीसाठी बाजूला काढला. काही नेटवाले १० ने सुरू होणारे पण देतात, अर्थ तोच. आयपीव्ही६ (खूप जास्त पत्त्यांची नवी पद्धत) आलं की हा प्रकारच मिटतो, पण त्यासाठी नेटवाला, राउटर, डीव्हीआर आणि बाहेरचं मोबाइल नेटवर्क चौघांनाही ते यायला लागतं आणि आमच्या डीव्हीआरला नाही येत, विषय संपला.

नेटवाल्याला विचारलं, म्हणाला स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त आपला नंबर) घ्या, वर्षाचे वेगळे पैसे. घेतला. त्याच वेळी त्याच्याकडून डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला म्हणजे तो नुसता फायबरची केबल करून देणारा राहिला आणि पीपीपीओईचं (नेटवाल्याकडे लॉगिन करायचं) युजरनेम पासवर्ड माझ्या राउटरमध्ये आलं. व्हीलॅनचा नंबरही (नेटवाल्याच्या लाइनवरचा आपल्या नेटचा कप्पा) लागतो बरं का, तो विचारून घ्या, मी विचारला नव्हता म्हणून चौथ्या रविवारी दुपारी दोन ते सहा घरात नेट नव्हतं आणि आईची मालिका बुडाली. आई काही बोलली नाही, नुसती भांडी जोरात घासली.

संध्याकाळी व्हीलॅन टाकला, वॅन आयपी आणि गुगलचा आयपी सेम आला, आणि मोबाइल डेटावरून गेट दिसलं. एकदम क्लिअर, एका सेकंदात. परतीच्या गाडीत घणसोलीपर्यंत मी तेच बघत होते, आमच्या गेटची कडी.

गुरुवारी ॲपने सांगितलं अकाउंट लॉक. मला वाटलं मीच पासवर्ड चुकीचा टाकला असेल, अर्धा तास थांबले, परत लॉक. मग आईकडे गेले तेव्हा टीव्हीच्या स्क्रीनवर डीव्हीआरचा लॉग, म्हणजे कोण कधी शिरायला आलं त्याची नोंद, उघडला. पानंच्या पानं. लॉगिन अयशस्वी, युजर ॲडमिन. लॉगिन अयशस्वी, युजर रूट. लॉगिन अयशस्वी, युजर ८८८८८८. रात्री तीन वाजून बारा मिनिटं, तीन वाजून बारा मिनिटं, तीन वाजून तेरा. आयपी कुठले कुठले. चार दिवसांत दोनशेच्या वर. अण्णा मागे उभे होते, म्हणाले "कोण हाय हे?" मी म्हटलं कोणी नाही, मशीन आहे. "मशीनला आपल्या घरात काय काम?"

प्रश्न बरोबर होता. मला वाटायचं आपलं घर कोणाला माहितीय, कोपरखैरण्याच्या एका गल्लीतला एक डबा. पण इंटरनेटवर गल्ल्या नसतात हो, नुसते नंबर असतात, आणि नंबर संपूर्ण मोजून काढता येतात. २०१३ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल दाखवलं, एका गिगाबिट लाइनवरून जगातल्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर एक पोर्ट उघडा आहे का हे ४५ मिनिटांच्या आत तपासून होतं. आपला फोन करून होईस्तोवर जग फिरून झालं. आणि २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामचा प्रकार झाला तो याच डब्यांवर, कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. त्याच्याकडे साठेक युजरनेम पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, कंपनीतून येतात त्याच, आणि माझ्या लॉगमधलं ते ८८८८८८ त्या यादीत आहे. आत शिरला की तो डबा मालकाला काही कळू न देता दुसऱ्यावर हल्ला करायला वापरायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ला असल्याच लाखभर डब्यांनी डाइन (Dyn) नावाच्या एका कंपनीवर, जी साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून द्यायची, धाड टाकली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स असल्या साइट तासन्‌तास लोकांना उघडेनात. लोकांच्या गेटवरच्या कॅमेऱ्यांनी केलं हे. मी जर तो १२३ वाला पासवर्ड ठेवून पोर्ट उघडला असता तर आमचा डबाही कोणाच्या तरी वरातीत नाचला असता.

काही लोक म्हणतात पोर्ट नंबर बदला, ८० च्या ऐवजी काहीतरी विचित्र ठेवा. करा, त्रास कमी होतो, पण दार तेच आणि कडीही तीच. डीव्हीआरवाले कडी बनवण्यात फार हुशार नसतात आणि कडीच मोडकी निघाली तर पासवर्ड कितीही मोठा असून उपयोग नाही.

त्याच रात्री सगळे फॉरवर्डचे नियम उडवले. आणि तेव्हा दिसलं की राउटरमध्ये यूपीएनपी चालू होतं आणि डीव्हीआरने त्यातून स्वतःचे दोन पोर्ट स्वतःच उघडून ठेवले होते, मला न विचारता. यूपीएनपी म्हणजे घरातल्या कोणीही म्हणावं दार उघड आणि राउटरने उघडावं. बंद करा ते. दोन्हीकडे, राउटरमध्येही आणि डीव्हीआरमध्येही.

मग व्हीपीएन. माझ्या राउटरमध्ये वायरगार्ड नावाचं व्हीपीएन आधीपासून होतं, मी कधी तो मेनूच उघडला नव्हता. कल्पना साधी आहे, फोन आधी घरच्या नेटवर्कमध्ये शिरतो, आणि मग डीव्हीआरशी असं बोलतो जणू मी आईच्या हॉलमध्ये बसलेय. डीव्हीआर बाहेरच्या कोणालाच दिसत नाही. वायरगार्डचं मला आवडलेलं म्हणजे ज्याच्याकडे चावी नाही त्याला तो उत्तरच देत नाही, नाही असंही म्हणत नाही, गप्प. फिरत्या मशीनला वाटतं इथे काहीच नाही. सेटिंग दहा मिनिटांचं. राउटरमध्ये सर्व्हर चालू करायचा, पोर्ट ५१८२० यूडीपी असतो, एका फोनसाठी एक क्लायंट बनवायचा, क्यूआर येतो, फोनमधल्या वायरगार्ड ॲपने स्कॅन करायचा. अलाउड आयपीजमध्ये (व्हीपीएनमधून कुठले पत्ते जावेत ती यादी) फक्त घरचं नेटवर्क लिहा, सगळं लिहिलंत तर तुमचं फोनवरचं यूट्यूबसुद्धा कोपरखैरण्याला जाऊन परत येईल. आणि प्रत्येक फोनला वेगळी चावी, माझी वेगळी, पुण्यात दादाची वेगळी, म्हणजे फोन हरवला तर ती एकच चावी रद्द.

सहाव्या रविवारचं कारण सांगते, हे कुठेच लिहिलेलं सापडलं नाही मला लवकर. मोबाइल डेटावर सगळं मस्त चालायचं आणि ठाण्याच्या घरी वायफायवर आले की गेट गायब. वायरगार्ड म्हणतोय कनेक्टेड. डीव्हीआर नाही. दोन संध्याकाळी डोकं फोडलं. तर ठाण्याच्या घरचं नेटवर्क पण १९२.१६८.०, आईकडचं पण १९२.१६८.०. फोनला २० नंबर शोध म्हटलं की तो ठाण्यातल्याच घरात २० नंबर शोधायचा, जो आमच्याकडे प्रिंटर आहे. दोन गल्ल्यांत एकच घर नंबर. सहाव्या रविवारी आईकडचं सगळं बदलून १९२.१६८.४७ केलं. आता ४७ का तर काही नाही, ज्याला कोणी हात लावणार नाही असा काहीतरी हवा होता. त्यानंतर दोन्हीकडून चालतंय. फक्त आईच्या खोलीतला टीव्ही तेव्हापासून वायफायला नीट जोडला गेला नाहीये, बघायचं राहिलंय.

समोरच्या घरातल्या काकूंच्या मुलाला स्टॅटिक आयपी घ्यायचा नव्हता, त्याच्याकडे टेलस्केल नावाचं व्हीपीएन टाकून दिलं. ते पण आतून वायरगार्डच आहे पण दोन्ही बाजू आतूनच बाहेर लावतात आणि मधे ओळख करून दिली जाते, त्यामुळे सीजीनॅट असला तरी चालतं. घरात कायम चालू राहणारं काहीतरी लागतं, त्याने एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) घेतलं आणि त्याला सबनेट राउटर (घरच्या बाकी नेटवर्कची वाट) केलं म्हणजे डीव्हीआरमध्ये काही टाकायला नको. गंमत म्हणजे टेलस्केल स्वतःचे पत्तेही त्याच १०० च्या पट्ट्यातले देतं, त्यामुळे वॅन आयपी बघताना गोंधळू नका. खरं तर मी आधी हेच करायला हवं होतं, स्टॅटिकचे पैसे वाचले असते. पुढच्या वर्षी रिन्यू करणार नाही.

अजून दोन गोष्टी घाईत. डीव्हीआरचं घड्याळ एनटीपीवर (इंटरनेटवरून आपोआप वेळ जुळवण्यावर) लावा आणि टाइम झोन साडेपाच करा, आमचा लाइट गेल्यावर २००० सालात जायचा, चोर २००० साली आला होता असं पोलिसांना सांगणार का. आणि पावसात इकडे लाइट ये-जा करते म्हणून राउटरचा छोटा यूपीएस घेतलात तर नेटवाल्याच्या डब्यालाही घ्या, मी एकच घेतला, राउटर दिमाखात चालू आणि फायबरचा डबा मेलेला.

आता हॉलचा कॅमेरा. ते सात महिन्यांचं मी आईला सांगितलं नव्हतं पण तिने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं असणार. एक दिवस ॲपमध्ये चौथा चौकोन नुसता निळसर, रेघारेघांचा. मला वाटलं कॅमेरा गेला. झूम केलं तर अण्णांचा पंचा. आईने स्टुलावर चढून कॅमेऱ्यावर पंचा टाकला होता, वर चिमटासुद्धा लावला होता वाळत घालायचा. मी म्हटलं अगं आता तो दुसरा कोणी बघू शकत नाही, मीच फक्त. "तू तरी कशाला बगायची?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काढला तो कॅमेरा.

काढला त्याच रात्री साडेअकराला फोन. "आगं ते डबडं वरडाय लागलंय." चौथ्या चॅनलला कॅमेरा नाही म्हणून डीव्हीआर व्हिडिओ लॉसचा बझर देत होता, टीं टीं टीं, फोनमधून ऐकू येत होता. अण्णा मेन बंद करायला निघाले होते, त्यांना थांबवलं. गादीवर बसूनच वायरगार्ड चालू केलं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४७.२०, लॉगिन, इव्हेंट, व्हिडिओ लॉस, चॅनल चार, बझरची टिक काढली, सेव्ह. फोनमधला आवाज थांबला.

"थांबलं?"

"थांबलं. तू हितं न येता केलंस व्हय?"

"हो."

"मग त्या टीव्हीचं बी बग की आता."